कवडीचा डावा डोळा

हिरामणला कुणी कबुतर दाखवलं, की तो आधी त्याचा डोळा पाहायचा. पंख, पाय, चोच हे सगळं मागाहून. पांढुर्ण्यात आणि जाम नदीपलीकडच्या सावरगावात ज्यांच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे ते सगळेच डोळ्यावरून पाखरू पारखतात, त्यात नवल नाही. पण हिरामणच्या पाहण्याला वेळ लागायचा. पाखरू हातात धरून तो उन्हाकडे वळायचा आणि बाहुली झटकन बारीक होते का ते बघायचा. मग सावलीत जाऊन ती पुन्हा पसरते का ते बघायचा. एवढं झाल्यावरही मिनिटभर तसाच उभा. सावरगावचा चिंधू त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, कबुतरांच्या बाबतीत त्याचा जुना प्रतिस्पर्धी. तो कंटाळून म्हणायचा, "भाऊ, पाखरू घेऊन राहिले का पोरासाठी पोरगी पाहून राहिले?"

ही सवय फाटकावरची. एकतीस वर्षं हिरामण तिगावजवळ, संत्र्याच्या बागांमधल्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होता. स्टेशनातून फोन आला की फाटक पाडायचं, झेंडी घेऊन उभं राहायचं आणि जाणारी गाडी बघायची. चाकातून कुठे धूर निघतो का, खाली काही लोंबतं का, एखादं दार उघडं हेलकावतं का, हे इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत बघायचं. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते. ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण गेली असं धरायचं नाही आणि फाटक उघडायचं नाही. दोन्हीकडून बंडीवाले, मोटारसायकलवाले ओरडत राहायचे, "गेली न गाडी, उघड न!" फुली दिसेपर्यंत हिरामण हलायचा नाही.

त्या फाटकाच्या खोलीवर, पत्र्याच्या पोटात त्याने कबुतरांची एक जोडी पाळली होती. गाड्या धडधडत गेल्या तरी ती जोडी उडायची नाही, नुसती मान वळवायची. पुढे रुळांखालून रस्ता झाला, फाटक बंद पडलं आणि त्याच वर्षी हिरामण निवृत्त झाला. निघताना त्या जोडीच्या वंशातली पाखरं टोपलीत घालून त्याने पांढुर्ण्याला आणली. काही शिकरा या शिकारी पक्ष्याने नेली, काही म्हातारी होऊन गेली. आता ढाबळीत बावीस कबुतरं होती, पण फाटकावरच्या वंशातली एकच उरली होती. ती कवडी.

कवडी पांढरी मादी. मानेवर पुसट राखाडी, आणि डोळे अगदी कवडीसारखे, फिकट चकचकीत, मध्ये मोहरीएवढी काळी बाहुली. सकाळी सोडली की ती इतकी वर जायची की हिरामणच्या म्हाताऱ्या मानेला रग लागायची. परत येताना, कबुतरांना बसायला गच्चीवर उभारलेल्या बांबूच्या छत्रीच्या डाव्या टोकावर उतरायची. बाकीची कुठेही उतरत. ही डाव्या टोकावरच.

हिरामणच्या बायकोचा, यमुनेचा, या सगळ्या पाखरांशी जुना वाद होता. हिवाळ्यात ती त्याच गच्चीवर मुगवड्या घालायची आणि कबुतरांना वड्यांवरून चालायला फार आवडायचं. कवडीला ती नावाने हाक मारत नसे. "आली तुमची फाटकवाली," एवढंच म्हणायची, आणि हातातलं फडकं हलवायची.

ऑक्टोबरात हिरामणच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्याआधी वर्षभर त्याच्या उजवीकडचं जग ताकात बुडाल्यासारखं झालं होतं. त्या वर्षभरात यमुना त्याच्यासोबत बाजारात निघाली की न बोलता त्याच्या उजव्या हाताला यायची. त्याला ते कळलंही नव्हतं. एकदा चिंधूनेच विचारलं, की वहिनी नेहमी त्याच अंगाला काऊन चालतात जी. ऑपरेशन नीट झालं. डोळ्यात टाकायला थेंबांची बाटली मिळाली. दिवसाचे चार, मग तीन, मग दोन, असं कमी करत न्यायचं होतं.

डिसेंबरात कवडीच्या घरट्यात दोन पिल्लं होती, आठ दिवसांची, अंगावर पिवळी लव. एका सकाळी हिरामण दाणे घेऊन वर गेला तर कवडी डावा डोळा मिटून बसलेली. पापणी सुजली होती, भोवतीची पिसं ओली होऊन चिकटली होती, आणि मधूनच ती डोळा खांद्यावर घासत होती. हिरामणने पाणी उकळून, निववून, चिमूटभर मीठ घालून डोळा धुतला. दुसऱ्या दिवशीही तीच सूज. चिंधूने फोनवर गुलाबजल सांगितलं, शेजारच्याने मध सांगितला.

हिरामणने मात्र स्वतःच्या डोक्याने विचार केला. आपलाही डोळा असाच लाल होता, असंच पाणी गळत होतं, आणि आठ दिवसांत काचेसारखा स्वच्छ झाला. कशाने? त्या थेंबांनी. डोळा म्हणजे डोळा. माणसाचा काय आणि पाखराचा काय. त्याने खिशातली बाटली काढली, कवडीला छातीशी धरलं आणि एक थेंब तिच्या डोळ्यात सोडला. मग मान मागे टाकून एक स्वतःच्या डोळ्यात.

"एक तुले, एक मले," तो तिला म्हणाला.

दोन दिवसांत सूज उतरली. कवडीने डोळा उघडला. हिरामणला इतका आनंद झाला की त्याने पूल ओलांडून सावरगावला जाऊन चिंधूला ही हकिकत सांगितली. चिंधूच्याही एका नराचा डोळा गळत होता. त्याने थेंबाचं नाव लिहून घेतलं. बाटली संपत आली होती, तेव्हा हिरामणने मनाशी ठरवलं की आपला डोळा तर बरा झालाच आहे, उरलेले थेंब कवडीलाच पुरवू. यमुनेला हे सांगण्याची गरज त्याला वाटली नाही. आणि कवडीचा डोळा उघडला हे पाहिल्यावर रोज तिला उन्हात धरून, सावलीत धरून पाहणं त्याने सोडून दिलं. थेंब सोडायचा, खाली ठेवायचं, की झालं.

चार-पाच दिवसांनी यमुना गच्चीवर वड्या उलटत बसली होती. ती पाखरांकडे कधी प्रेमाने बघत नसे, पण वड्यांच्या राखणीसाठी बघावंच लागे. ती जिन्यातून खाली ओरडली नाही, उठून खाली आली, आणि हळूच म्हणाली, "अवो, तुमची फाटकवाली एकाच बाजूचे दाणे खाऊन राहिली. डाव्या अंगाले दाणे पडले तं तिले दिसूनच नाई राहिले."

हिरामण वर गेला. कवडीला धरून उन्हाकडे वळला. उघड्या डोळ्यात, बरोबर बाहुलीवर, खसखशीच्या दाण्याएवढा दुधी ठिपका होता. आणि बाहुली बारीक होत होती की नाही, हे त्या ठिपक्यातून नीट कळतच नव्हतं.

चिंधू संध्याकाळी येऊन बघून गेला. तो वाईट माणूस नव्हे. त्याने सरळ सांगितलं की एका डोळ्याच्या पाखराला वरून झेपावणारा शिकरा दिसत नाही. ही आता उडायची नाही. ढाबळीत ठेवा, अंडी घालील, दाणे खाईल. आकाशात बोट दाखवून "ती पाहा" म्हणावं असं एकच पाखरू हिरामणकडे होतं.

पांढुर्ण्याचे गुरांचे डॉक्टर लसीकरणाला खेड्यांत गेले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सौंसरची बस धरायचं ठरलं. यमुना म्हणाली की मीही येते. कशाला, असं त्याने विचारलं तर तिने भाजीची पिशवी पुढे केली. तिला बाजूने कात्रीने दोन भोकं पाडली होती आणि तळाशी तिचं जुनं लुगडं घातलं होतं. पिल्लांची चिंता नव्हती. कबुतरांत नरही पिल्लांना भरवतो, आणि कवडीचा नर तसा कामसू होता. बसमध्ये पिशवी घुमू लागली तेव्हा कंडक्टरने वाकून पाहिलं. यमुनेने त्याला सांगितलं की पेशंट आहे, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

सौंसरच्या दवाखान्यात शेळ्या होत्या, एक पाय धरलेलं वासरू होतं. डॉक्टर पल्लवी मूळची रामाकोन्याची, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि प्रांजळपणे सांगितलं, "काका, म्हशीचा डोळा मी रोज पाह्यते. कबुतराचा पहिल्यांदाच पाहून राहिली. पण पाह्यते." तिने कवडीचे फोटो काढून कॉलेजातल्या आपल्या सरांना पाठवले, फोनवर त्यांच्याशी बोलली, मग टेबलावर दिवा ओढून घेतला. यमुनेने कवडीला धरलं. पंख दाबून, मान दोन बोटांत अलगद. इतकी वर्षं हाकलत असूनही कसं धरायचं ते तिला नेमकं माहीत होतं.

कबुतराच्या डोळ्याला आतून आणखी एक पातळ पापणी असते. पल्लवीने खारट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती हळूच बाजूला सारली आणि बारीक चिमट्याने काहीतरी ओढून काढलं. पांढऱ्या कागदावर ठेवून तिने ते हिरामणपुढे धरलं. कुसळ होतं. नखाएवढंही नाही, सोनेरी, एका टोकाला टाचणीसारखं.

हिरामणने ते ओळखलं. संत्री पेटीत भरताना तळाशी वाळल्या गवताची जी तनस घालतात, तीच तो मंडीतून मागून आणायचा आणि घरट्यांत अंथरायचा. पाखरांना थंडी वाजू नये म्हणून यंदा जरा जास्तच अंथरली होती. त्या तनसीत कुसळी गवत मिसळलेलं असावं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तुम्ही डोळ्यात काय टाकलं होतं?" पल्लवीने विचारलं.

हिरामणने शर्टाच्या खिशातून बाटली काढून दिली. तिने त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग तिने शांतपणे, एकेक गोष्ट सुटी करून समजावलं. ऑपरेशननंतर डोळा सुजतो, म्हणून या थेंबात सूज उतरवणारं स्टेरॉइड असतं. हिरामणच्या डोळ्याला ते योग्यच होतं. पण कवडीच्या बुबुळावर कुसळाने ओरखडा पाडला होता. ओरखड्यावर स्टेरॉइड पडलं की वरची सूज उतरते, डोळा उघडतो, सगळं बरं दिसतं. आत मात्र जखम भरायची थांबते, आणि घाण वाढत राहते. कुसळ तर आत होतंच. पाखराची पापणी हलली की ते रोज नव्याने घासत होतं.

हिरामण त्या कागदावरच्या कुसळाकडे बघत होता.

"सूज गेली तसं मी फाटक उघडलं जी. शेवटचा डबा पाह्यलाच नाई."

पल्लवीला त्यातलं काही कळलं नाही. यमुनेला कळलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती काहीतरी मऊ बोलणार होती. पण तेवढ्यात पल्लवीने पुढचा प्रश्न विचारला, की ही बाटली तुम्ही स्वतःलाही वापरत होता का. हिरामणने आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं, मग सगळं बाहेर आलं: एक तुले, एक मले, मग सगळेच तिला, आणि बाटलीचं टोक पाखराच्या डोळ्याला लागायचं, तेच मग त्याच्या. पल्लवीने बाटली टेबलाखालच्या डब्यात टाकली आणि सांगितलं की काका, पाखराच्या डोळ्यातली घाण माणसाला लागते, उद्याच्या उद्या तुमचा डोळा दाखवून या. कवडीसाठी तिने स्टेरॉइड नसलेलं मलम दिलं, दिवसातून तीनदा, तीन आठवडे. अंधाऱ्या जागी ठेवायचं. नजर वाचेल का, असं हिरामणने विचारलं तेव्हा तिने खोटा धीर दिला नाही. जखम भरेल, डाग राहील, डागापलीकडे तिला किती दिसेल हे सांगता येणार नाही, असं म्हणाली.

परतीच्या बसमध्ये यमुना पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "तिचा एक डोळा गेला तं ते एका डोळ्यानं दाणे खाईन. तुमचा गेला असता तं? मले इचारलं तरी असतं."

हिरामण म्हणाला की चुकलं. तिने मान हलवली, पण पिशवी त्याच्याकडे दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा डोळा तपासून झाला. थोडी लाली होती, नजर शाबूत होती. नवी बाटली मिळाली, आणि ती यमुनेने आपल्या ताब्यात घेतली. दुपारी तो तसाच पूल ओलांडून सावरगावला गेला. ज्या ओट्यावर बसून त्याने आठवड्यापूर्वी फुशारकी मारली होती, त्याच ओट्यावर चार माणसांदेखत त्याने चिंधूला सांगितलं की ते थेंब टाकू नको, मी चुकीचं सांगितलं. आधी डोळ्यात काय रुतलं ते पाह्य. चिंधूने अजून थेंब आणले नव्हते. हसण्याची संधी होती, पण तोही हसला नाही. उठून त्याने आपल्या ढाबळीतली तनस उचकली आणि दोघं उन्हात बसून ती काडीकाडीने निवडू लागले. संध्याकाळपर्यंत मूठभर कुसळं निघाली. मग हिरामणने तनसच सोडली. कडुनिंबाच्या बारीक काड्या तोडून, हाताने चाचपून त्याने आपल्या घरट्यांत ठेवल्या.

तीन आठवडे घरात एक नेम झाला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी हिरामण कवडीच्या डोळ्यात मलम भरायचा. मग यमुना त्याला साबणाने हात धुवायला लावायची, खुर्चीवर बसवायची आणि त्याच्या डोळ्यात थेंब सोडायची. "आधी फाटकवाली, मंग फाटकवाला," ती म्हणायची. रोज सकाळी तो कवडीला उन्हात धरायचा, सावलीत न्यायचा, आणि ठिपक्याकडे पूर्ण मिनिटभर बघायचा. आता चुकवायचा नाही.

जखम भरली. डाग राहिला. बोट डावीकडून नेलं तर ती मान हलवत नसे, सावली पडली तर दचकत असे. उजेड-अंधार एवढंच त्या बाजूला उरलं होतं. दुसरी कबुतरं तिला नेमकी डावीकडून टोचायची, म्हणून हिरामणने तिचं घरटं कोपऱ्यात हलवलं, डावी बाजू भिंतीला येईल असं. यमुना जिन्यात उभी राहून ते बघत होती. तिने विचारलं की ही भिंत काऊन. तो सांगायला लागला आणि मध्येच थांबला. बाजारात त्याच्या उजव्या अंगाला वर्षभर कोण चालत होतं, ते त्याला तेव्हा आठवलं.

जानेवारी संपला. पिल्लं मोठी झाली, छत्रीवर बसू लागली. सकाळी बाकीची उडायला सोडली की कवडी जाळीला चिकटून बसायची आणि उजवा डोळा वर करून बघत राहायची. हिरामण तिला सोडत नव्हता. उद्या सोडू, वारा आहे. परवा सोडू, शिकरा फिरतो आहे. असे पंधरा दिवस गेले.

एका सकाळी यमुना वर वड्या घालत होती. मुगाचं वाटण बोटांनी टाकत, मान वर न करता ती म्हणाली, "वर्षभर तुम्हाले एका डोळ्यानं दिसत होतं. मी घरात कोंडून ठेवलं होतं का?"

हिरामण बराच वेळ ढाबळीच्या दाराशी उभा राहिला. मग त्याने कडी काढली.

कवडी दारात आली, थांबली, डोकं उजवीकडे कलतं केलं आणि उडाली. आधी वेडीवाकडी, घरांच्या छपरांवरून. मग ती वळली, आणि प्रत्येक वळण उजवीकडेच घेत, मोठमोठ्या गोल चकरा मारत वर चढू लागली. पूर्वीइतकी वर नाही गेली. पण गेली. हिरामणने डोळ्यांवर हात धरला नाही, पापणी लववली नाही. उन्हाने पाणी आलं तरी आकाशातला तो पांढरा ठिपका डोळ्यांआड होऊ दिला नाही. यमुनेचे हात वाटणात थांबले होते आणि तीही वर बघत होती.

पंधरा मिनिटांनी कवडी उतरायला लागली. छत्रीच्या डाव्या टोकाचा रोख धरून आली, पण ते टोक आता तिला नीट दिसत नव्हतं. बांबूला पाय लागला, निसटला, आणि पंख फडफडवत ती सरळ ओल्या वड्यांच्या मध्ये येऊन पडली. दोन्ही पाय मुगात. तिथेच उभी राहिली, छाती धपापत.

यमुनेच्या हाताशी फडकं होतं. तिने ते उचललं नाही. ती उठली, चटईला लांबून वळसा घालून कवडीच्या उजव्या बाजूला आली, दिसेल अशी समोर बसली आणि मग हात पुढे केले. कवडी दचकली नाही. यमुनेने तिला उचलून पदराने तिचे पाय पुसले आणि हिरामणच्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली. "अन् ह्या वड्या आता तुम्हीच खा."